गिरकीची संख्या आणि गिरकीचा शेवट : बॅलेतील पिरुएट व कथकातील चक्कर यांच्या मूल्यमापनाविषयी काही विचार

नृत्याविषयी मराठीत जे वृत्तान्तपर लेखन होते, त्यात गिरकीचा उल्लेख हमखास येतो आणि बहुतेक वेळा तो एखाद्या आकड्यासह येतो. नर्तिकेने सलग 27 चकरा घेतल्या, प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, एवढे नोंदवून लेखक पुढच्या रचनेकडे वळतो. महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसणाऱ्या आपणा प्राध्यापकांची टिपणेही याहून फारशी वेगळी नसतात. गेल्या काही वर्षांत स्नेहसंमेलनातील विद्यार्थी पडद्यावर पाहून बॅलेची गिरकी, म्हणजे पिरुएट, घेऊ लागले आहेत. तिचेही मूल्यमापन आपण त्याच एका मापाने करतो : किती फिरला? प्रस्तुत लेखात या मापाची चिकित्सा करावयाची आहे. गिरकीचा कस ती कशी सुरू होते आणि कशी थांबते यावर लागतो. मधले फेरे हा त्या दोन क्षणांचा परिणाम होय, अशी या लेखामागील भूमिका आहे. ही भूमिका मान्य झाल्यास आस्वादाची भाषा बदलावी लागेल आणि शिकविण्याची रीतही.

आपल्या भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. ‘चक्कर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. नर्तक चक्कर घेतो आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाला चक्कर येते. घेतलेली आणि आलेली यांतील अंतर म्हणजेच नृत्याचे तंत्र. भोवरा हा शब्द संस्कृतातील भ्रमराशी नाते सांगतो, भोवळही त्याच कुळातली आणि शास्त्रग्रंथांतील ‘भ्रमरी’ ही संज्ञाही तिथलीच. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त सात भ्रमरी सांगितल्या आहेत : उत्प्लुत, चक्र, गरुड, एकपाद, कुंचित, आकाश आणि अंग. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या भेदांचा आधार पाय कोठे आहे, गुडघा वाकलेला आहे की नाही, शरीर जमिनीवर आहे की हवेत, हा आहे. किती वेळा फिरावे हे ग्रंथकाराने भेदाचे कारण मानलेले नाही. अंगभ्रमरीच्या लक्षणात तर दोन पावलांत वितभर अंतर ठेवून अंग फिरवावे आणि मग उभे राहावे, असे येते. म्हणजे उभे राहणे हा लक्षणाचाच भाग आहे. थांबता आले नाही, तर ती भ्रमरी झालीच नाही, असा याचा अर्थ लावल्यास तो वावगा ठरू नये.

आता पिरुएटची घडण पाहू. उदाहरणासाठी उजवीकडे घेतलेली, ‘बाहेरची’ म्हटली जाणारी गिरकी घेऊ. डावा पाय पुढे, उजवा मागे. दोन्ही गुडघे किंचित वाकलेले. मग डाव्या पायाची टाच उचलली जाते, शरीर चवड्यावर चढते, उजव्या पायाचे टोक डाव्या गुडघ्यापाशी येऊन टेकते, आणि उघडलेले हात छातीसमोर वर्तुळाकार मिटतात. मान मात्र शरीराबरोबर फिरत नाही. दृष्टी समोरच्या एका ठिकाणी खिळलेली राहते, शरीर पुढे निघून जाते आणि अगदी शेवटच्या क्षणी डोके झटक्याने वळून पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबते. याला बॅलेच्या वर्गात स्पॉटिंग म्हणतात. कथकातही चकरा घेताना नजर अशीच बांधली जाते. स्पॉटिंग ही पाश्चात्त्यांकडून आलेली युक्ती आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावे लागते.

या क्रियेत फिरण्याचे बळ कोठून येते? येथे भौतिकशास्त्राचे साहाय्य घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविणारे केनेथ लॉज यांनी 1984 साली नृत्याच्या भौतिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या प्रश्नाला रीतसर वळण दिले. दोन्ही पाय जमिनीवर असताना ते जमिनीला परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात. त्या जोडबलातून शरीराला परिवलन मिळते. मागचा पाय उचलला गेला की हे बळ मिळणे जवळजवळ संपते. त्यानंतर हात मिटल्याने वेग वाढतो, कारण वस्तुमान अक्षाजवळ येते. परंतु त्यामुळे परिवलनाच्या एकूण भांडवलात भर पडत नाही. असलेलेच भांडवल वेगळ्या रीतीने खर्च होते. उरते ते चवड्याखालचे घर्षण आणि ते खर्चाच्या बाजूचे. म्हणून पिरुएटचे भवितव्य पहिला फेरा पूर्ण होण्यापूर्वीच ठरलेले असते. विद्यार्थी तिसऱ्या फेऱ्यात कोलमडतो तेव्हा चूक तिसऱ्या फेऱ्यात शोधणे व्यर्थ होय. ती बहुधा वाकलेल्या गुडघ्यातून वर चढताना झालेली असते : खांदा आधी निघून गेला, उचललेल्या पायाच्या बाजूचा खुबा वर आला, हात फेकले गेले, किंवा शरीराचा भार आधाराच्या पायावर पोचण्याआधीच फिरण्याची घाई झाली.

भोवऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. जाळी गुंडाळून भोवरा फेकणाऱ्या पोराला हे कोणी शिकवीत नाही की आर तिरकी पडली तर कितीही जोर लावला तरी भोवरा लडबडणार. आर सरळ बसली की भोवरा इतका निश्चल दिसतो की तो फिरतो आहे की उभा आहे, हे चटकन कळत नाही. नर्तकाची आर कथकात टाचेपाशी असते, बॅलेत चवड्यापाशी किंवा कडक बुटाच्या टोकापाशी. टाचेवर शरीराचा भार सरळ हाडांच्या ओळीतून उतरतो; चवड्यावर तो घोट्याच्या स्नायूंना प्रतिक्षणी सावरावा लागतो. त्यामुळे दोन परंपरांतील गिरक्यांची संख्येने तुलना करणे हे मुळातच गैर आहे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. कथकाच्या चकरीत प्रत्येक फेऱ्याला पाय पुन्हा जमिनीवर आघात करतो. पाच पावलांची चक्कर असो, तीन पावलांची असो वा एका पावलाची, नर्तक दर आवर्तनात जमिनीकडून नवे बळ घेतो आणि त्याच आघाताने लयीचा हिशेबही देतो. पिरुएटमध्ये एकाच उसळीवर सारे फेरे निघतात. एक रोजच्या कमाईवर चालणारा संसार आहे, तर दुसरा एकरकमी ठेवीवर. कथकात 27 चकरा म्हणजे बहुधा नऊ-नऊच्या तीन पल्ल्यांची तिहाई असते आणि तिचा शेवटचा आघात समेवर पडावा लागतो. 27 फेरे बरोबर झाले आणि पाय समेच्या अर्धी मात्रा पुढे पडला, तर जाणकार श्रोता मान हलवीत नाही. म्हणजे या परंपरेत शेवटाचे माप शास्त्रानेच बांधून दिलेले आहे. आपण मराठी समीक्षकांनी मात्र 27 लक्षात ठेवले आणि सम विसरलो.

बॅलेच्या इतिहासातही हाच अपघात घडलेला दिसतो. 1895 साली सेंट पीटर्सबर्ग येथे ‘स्वान लेक’ नव्याने रंगभूमीवर आले, तेव्हा इटालियन नर्तिका पिएरिना लेन्यानी हिने तिसऱ्या अंकात 32 फुएते घेतले. त्यापूर्वी 1893 मध्ये ‘सिंड्रेला’त तिने हा पराक्रम केला होता. तेव्हापासून 32 हा आकडा त्या भूमिकेला चिकटला तो चिकटलाच. फुएते म्हणजे उचललेल्या पायाला चाबकासारखा झोत देऊन घेतलेल्या गिरक्यांची मालिका. प्रत्येक फेऱ्यात आधाराची टाच खाली येते, गुडघा वाकतो, नर्तिका क्षणभर प्रेक्षकांकडे तोंड करते आणि पुन्हा वर चढते. बारकाईने पाहिल्यास फुएते ही घडणीने पिरुएटपेक्षा कथकच्या चकरीच्या अधिक जवळची आहे, कारण तिच्यातही बळ फेऱ्याफेऱ्याला नवे मिळते. या साम्याकडे तौलनिक नृत्यविचाराने अधिक लक्ष द्यावयास हवे. असो. त्या नाट्यप्रसंगात राजपुत्राला भुलविणाऱ्या कपटी ओडिलचा विजय दाखवावयाचा असतो. नर्तिका 32 फेऱ्यांत रंगमंचावर दोन हात सरकत गेली, तर आकडा भरतो आणि पात्र हरवते. प्रेक्षक मात्र मनातल्या मनात मोजत असतो.

गिरकीच्या शेवटाला एवढे महत्त्व का, याचे एक कारण कानात दडलेले आहे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. शरीर फिरू लागले की तो मागे रेंगाळतो. शरीर थांबले की तो पुढे वाहत राहतो, आणि मेंदूला वाटते की आपण आता उलट दिशेने फिरत आहोत. भोवळ येते ती प्रामुख्याने थांबल्यावर. 2013 साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील संशोधकांनी 29 बॅले नर्तिका आणि 20 वल्हेकरी स्त्रिया यांची तुलना केली. त्यांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसवून खुर्ची एकदम थांबविण्यात आली आणि फिरण्याची भावना किती वेळ टिकते हे पाहण्यात आले. नर्तिकांमध्ये ती लवकर ओसरली. लहान मेंदूच्या ज्या भागात हे संदेश पोचतात, तो भाग नर्तिकांमध्ये आकाराने लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदूने त्या संदेशाकडे काणाडोळा करावयास शिकून घेतले, असा त्याचा अन्वय लावण्यात आला. हा निष्कर्ष आपल्या शिक्षकांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. जी गोष्ट मेंदूत मुरावयास वर्षे लागतात, ती स्नेहसंमेलनापूर्वीच्या तीन आठवड्यांत बसविण्याचा आग्रह धरणे, याला साहस म्हणता येईल, शिक्षण म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात बॅलेची परंपरा क्षीण असली तरी नाही असे नाही. मुंबईत टुशना डल्लास यांची बॅलेशाळा 1966 पासूनची. तरीही आपल्याकडील सुशिक्षित वाचकाशी पाश्चात्त्य नृत्याची ओळख बऱ्याच अंशी इझाडोरा डंकनच्या मार्गाने झाली. तिच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद पुण्याच्या रोहिणी भाटे (1924–2008) यांनी केला. 1947 साली ‘नृत्यभारती’ स्थापन करून कथकाला महाराष्ट्रात विचारांचे अधिष्ठान देणाऱ्या रोहिणीताईंना इझाडोरेचे आकर्षण वाटावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु इझाडोरा ही बॅलेची कट्टर विरोधक होती. त्यातील सक्तीची शरीरस्थिती तिला निसर्गविरोधी वाटे. परिणामी बॅलेवरचा आक्षेप आपल्याकडे मराठीत येऊन पोचला आणि त्याची शिस्त मात्र पोचली नाही. ही रुखरुख येथे नोंदवून ठेवतो.

ती शिस्त मराठी मुलुखात कोठे दृष्टीस पडली असेल, तर ती अलीकडच्या एका चित्रपटाच्या निमित्ताने. सूनी तारापोरवाला दिग्दर्शित ‘ये बॅले’ 2020 साली प्रदर्शित झाला. मुंबईतील मनीष चौहान आणि आमिरुद्दीन शाह या दोन मुलांच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे. एक टॅक्सीचालकाचा मुलगा, दुसरा वेल्डरचा. दोघांनाही यहुदा माओर या परदेशी गुरूने बॅले शिकविले. शाहला 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. चौहान वयाच्या मानाने फार उशिरा या विद्येकडे वळला आणि चित्रपटात त्याने स्वतःवर बेतलेली निशूची भूमिका स्वतःच केली. या एका निर्णयाने चित्रपटाला जे मोल आले, त्याकडे परीक्षणांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. पडद्यावरची गिरकी बहुधा संकलकाच्या कात्रीने घेतलेली असते. पाय एकाचे, चेहरा दुसऱ्याचा, आणि आरंभ व शेवट सलग दृश्यात सापडेलच याची खात्री नाही. येथे गिरकी ज्याची तिचाच घाम त्याच्या अंगावर आहे.

तथापि चित्रपटाच्या मांडणीत एक उणीव राहते. गरिबी, धर्म, घरातील विरोध, परदेशाचा परवाना या अडथळ्यांवर कथा भर देते. वर्गातील दांड्याला धरून केलेला रोजचा तोच तो सराव गाण्याच्या तुकड्यांत आटोपला जातो. वस्तुतः खरे नाट्य त्या कंटाळ्यात आहे. विशीत आलेल्या तरुणाचे सांधे बालवयापासून घडविलेल्या नर्तकासारखे खुलत नाहीत. त्याला फिरावयाचे असेल, तर आधी कित्येक महिने केवळ उभे राहावे लागते. त्या उभे राहण्याचे चित्रण करावयास धैर्य लागते आणि लोकप्रिय चित्रपटाला ते परवडत नाही, हेही खरे. याच बाबतीत कोल्हापूरकर व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) आठवतो. तेथे गुरू कडक आहे, साधनेचे गोडवे आहेत, आणि गोपीकृष्ण यांच्यासारखा अस्सल कथकनर्तक नायक आहे. संध्या यांनी त्या चित्रपटासाठी नृत्याचे धडे घेतले. तरीही प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला तो वेग. वेगाचा हा लोभ आपल्या अभिरुचीत सिनेमाने रुजविला की आधीपासूनच असलेल्या लोभाचा सिनेमाने लाभ घेतला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

कोल्हापूरकरांना थांबण्याचे महत्त्व कळत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. येथल्या तालमींत मर्दानी खेळ जोपासले गेले आहेत. दांडपट्टा फिरविणारा गडी गिरकी घेऊन पवित्र्यात येतो तेव्हा वस्तादाची नजर त्याच्या पायाकडे असते, कारण पवित्रा सुटला तर पट्टा कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. फुगडीतही तेच. दोघी हात गुंफून मागे रेलतात, अक्ष दोघींच्या मधोमध राहतो, आणि खरी परीक्षा हात सोडताना असते. पिरुएटमध्ये रेलणारी आणि पेलणारी एकच असते, एवढाच काय तो फरक. ज्या प्रेक्षकाला पट्ट्याचा आणि फुगडीचा शेवट कळतो, त्याला नृत्यातला शेवट कळू नये, याचे कारण त्याची दृष्टी नसून आपण समीक्षकांनी त्याच्या हाती दिलेले माप आहे.

हे माप बदलावयाचे तर वर्गापासून आरंभ करावा लागेल. गिरकी सुधारण्यासाठी अधिक गिरक्या घेणे, हा उपाय सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी आहे. विद्यार्थ्याला प्रथम न फिरता चढू द्यावे : गुडघा वाकवून, टाच उचलून, एक पाय गुडघ्याशी आणून, हात मिटून नुसते उभे. चार मोजेपर्यंत तो हलला नाही, की पाव फेरा. पाव फेरा घेऊन तो पुन्हा तसाच उभा राहिला, तर अर्धा. मग एक पूर्ण गिरकी आणि तिच्या शेवटी, खाली येण्यापूर्वी, वर असतानाच एक श्वास. ज्याची एक गिरकी अशी वरच संपते, त्याला दुसरी शिकवावी लागत नाही. ती पहिलीतूनच उमलते. आधार देणाऱ्या पायाचा तळवा बाहेर वळवावयाचा तो खुब्यातून. खुबा वळत नाही म्हणून गुडघ्यातून पीळ देणारा विद्यार्थी आरशात काही दिवस बरा दिसतो आणि नंतर त्याचा गुडघा दुखू लागतो. दोन्ही दिशांचा सराव व्हावा. कथकाच्या विद्यार्थ्याला एका बाजूची सवय अंगवळणी पडलेली असते, आणि बॅलेकडे वळताना तीच आड येते.

परीक्षकाच्या कागदावर याचे रूप काय असावे? ‘चकरा’ या रकान्यात आकडा लिहिण्याऐवजी तीन नोंदी पुरेत : चढण्यापूर्वी भार कोठे होता, फिरताना जागा सुटली का, आणि थांबल्यावर पाऊल सरकले का. दोन स्वच्छ गिरक्या घेणाऱ्या मुलीला पाच लडखडत्या गिरक्यांच्या वर गुण मिळाले, तर पहिल्या वर्षी सभागृहात कुरबुर होईल. ती परीक्षकाने सोसावी.

अखेरीस एका सामान्य वाटणाऱ्या, पण दुर्लक्षित बाबीचा उल्लेख करतो. आपल्या महाविद्यालयांची सभागृहे शहाबादी किंवा कोटा फरशीची असतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तिच्यावर सतरंजी अंथरली जाते. फरशी टाचेला आणि घोट्याला दयामाया दाखवीत नाही. सतरंजी तर त्याहून वाईट, कारण ती चवड्याबरोबर पिळते : शरीर फिरते, पाऊल अडते आणि मधला गुडघा सापडतो. बॅलेच्या वर्गांत किंचित दबणारी लाकडी जमीन आणि तिच्यावर घट्ट ताणलेले आच्छादन वापरतात, ते ऐषारामासाठी नव्हे. 1915 साली उभारलेले आपले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत भस्मसात झाले, तेव्हा पुनर्बांधणीची चर्चा शहरभर झाली. छत, खुर्च्या, ध्वनियंत्रणा यांविषयी लोक पोटतिडकीने बोलत होते. रंगमंचाच्या फळ्या पायाखाली किती दबतात, हे विचारणारा कोणी माझ्या तरी ऐकण्यात आला नाही. महाविद्यालयांना एवढा खर्च झेपणार नाही हे उघड आहे. पण सराव आणि सादरीकरण यांपुरती सतरंजी गुंडाळून ठेवावयास काहीच खर्च येत नाही.